विंचवाचं औषध आणि युद्धाची रात्र



आमच्या घरासमोरच्या सोप्यात सुभेदार आबा झोपत. मी तेव्हा सहावी-सातवीत असेन. पासष्टच्या लढाईत ते पंजाबच्या सरहद्दीवर होते, एवढंच आम्हा पोरांना माहीत. दिवसा आबा म्हणजे शिस्तीचा माणूस. पहाटे दाढी, इस्त्रीचा सदरा, पेन्शनच्या दिवशी पोस्टाच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे. रात्री मात्र आठवड्यातून दोन-तीनदा सोप्यातून एक आवाज यायचा. तो माणसाचा आवाज आहे हे कळायलाच मला काही दिवस लागले होते. आवाज आला की आबांच्या पत्नी, आजी, उठायच्या, उंबऱ्यातच उभ्या राहायच्या आणि वेताच्या लांब काठीनं आबांच्या पायाच्या अंगठ्याला हलकेच शिवायच्या. म्हणायच्या, "अहो, घरात आहात. घरात आहात." जवळ जायच्या नाहीत. लढाईनंतर आबा पहिल्या सुट्टीवर आले, तेव्हा आजींनी खांद्याला धरून उठवलं होतं आणि आबांचा हात त्यांच्या गळ्यावर आला होता. झोपेतच. सकाळी आबांना काही आठवत नव्हतं. आजींनी त्यांना ते कधी सांगितलं नाही. माझ्या आईला सांगितलं, आणि मी डॉक्टर झाल्यावर आईनं मला.

गावाला जे ठाऊक होतं ते गावानं केलं. अंगारा झाला, उतारा टाकून झाला. कुणा डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या. आबांचा स्वतःचा इलाज कँटीनच्या रमचा. त्यानं झोप लागायची, आणि पहाटे आवाज यायचाच. आज त्याचं कारण मला सांगता येतं. दारू रात्रीच्या पूर्वार्धात स्वप्नांची झोप दाबून ठेवते. ती उतरू लागली की दाबलेली झोप दुप्पट जोरानं उसळते.

ज्या औषधाबद्दल मी आज बोलणार आहे, ते आबांच्या हयातीतच आपल्याकडे मिळत होतं. रक्तदाबाचं औषध म्हणून. त्याचं नाव प्राझोसिन. आबांच्या रात्रीशी त्याचा काही संबंध असेल, हे तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून ही कुणा डॉक्टरच्या चुकीची गोष्ट नाही. पण आता माहीत झालेलं आहे, आणि तरीही या सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत आजही उंबऱ्यात उभं राहून हाक मारली जाते. मला बोलायचं आहे ते त्याबद्दल.

माझी आणि या गोळीची पहिली भेट मात्र सैनिकाच्या नव्हे, विंचवाच्या निमित्तानं झाली. इंटर्नशिपला मी कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात होतो. भातकापणीच्या दिवसांत एक लहान मुलगी आणली. अंग घामानं निथळत होतं, हातपाय बर्फासारखे गार, उलट्या, आणि छाती अशी धडधडत होती की बरगड्यांवरून दिसावी. चावला होता कोकणातला लाल विंचू. त्याचं विष नसांना सारखं चेतवत ठेवतं आणि शरीर आपल्याजवळचं सगळं अ‍ॅड्रिनलिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन एकदम रक्तात ओततं. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध झुंजत राहतं, थकतं, आणि फुफ्फुसात पाणी भरतं. पूर्वी अशा गंभीर रुग्णांपैकी शंभरातले पंचवीस-तीस दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर 1970 च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले आणि रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी हे मरण कसं येतं ते टिपून ठेवलं. मग प्राझोसिन वापरून पाहिलं. ते काम 1986 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्यांच्या रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण शंभरात एकावर आलं. आमच्या सिस्टरनी त्या मुलीला गोळीचा तुकडा पाण्यात विरघळवून पाजला आणि मला सांगितलं, "डॉक्टर, हिला उठून बसू देऊ नका, चक्कर येईल." रात्रभरात तिचे हातपाय गरम झाले. सकाळी तिनं पेज मागितली.

ती गोळी काय करते हे नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. नॉरअ‍ॅड्रिनलिनचा निरोप पेशीपर्यंत पोचायला पेशीच्या अंगावर कुलपं असतात. त्यांतल्या एका जातीला अल्फा-1 म्हणतात. प्राझोसिन त्या कुलपात जाऊन बसतं. वादळ आत शिरू शकत नाही. ते वादळ विंचवानं उठवलं की आणखी कशानं, याच्याशी गोळीला देणंघेणं नाही.

मेंदूच्या बुंध्यात एक चिमुकला निळसर ठिपका आहे. डॉक्टर त्याला लॅटिनमध्ये लोकस सेरुलियस म्हणतात. त्या शब्दांचा अर्थही निळी जागा असाच. मेंदूला नॉरअ‍ॅड्रिनलिनचा मुख्य पुरवठा इथून होतो. पाचोळ्यात काही सळसळलं आणि आपण दचकलो, तर आधी हा ठिपका जागा झालेला असतो. रात्री आपण स्वप्नांच्या झोपेत जातो तेव्हा तो गप्प होतो, अगदी बंद. शिवाय त्या झोपेत हातपाय लुळे पडलेले असतात. म्हणून तुम्हीआम्ही स्वप्नात कड्यावरून कोसळतो आणि अंथरुणातून हलत नाही. दिवसभरातल्या बोचऱ्या गोष्टी मेंदू अशा शांततेत पुन्हा उलगडतो आणि त्यांची धार कमी करून ठेवून देतो, असं झोपेचे काही अभ्यासक मानतात. मला ते पटतं.

लढाईतून आलेल्या काही माणसांचा हा ठिपका रात्रीही गप्प बसत नसावा. अमेरिकेत 1993 मध्ये स्टीव्हन साउथविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आघातानंतरच्या मानसिक विकाराच्या, म्हणजे पीटीएसडीच्या, 20 व्हिएतनाम सैनिकांना योहिंबिन दिलं. ते नॉरअ‍ॅड्रिनलिन वाढवतं. 14 जणांना भीतीचा तीव्र झटका आला आणि 8 जण जागेपणी, डोळे उघडे असताना, पुन्हा लढाईत जाऊन पोचले. मनाची म्हणून जिची गणना होत होती ती गोष्ट एका रसायनानं उठवता येत होती. मग दुसऱ्या रसायनानं ती निजवताही यायला हवी.

या स्वप्नांची जातही वेगळी. 1984 मध्ये बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी लढलेल्या सैनिकांची दुःस्वप्नं आणि जन्मभर वाईट स्वप्नं पडणाऱ्या इतर माणसांची स्वप्नं शेजारी ठेवून पाहिली. सैनिकांची स्वप्नं रात्री लवकर येत, त्यांत अंगाची हालचाल होई, आणि बहुतेक वेळा ती घडलेल्या प्रसंगाची हुबेहूब नक्कल असत. आपलं वाईट स्वप्न दर वेळी काहीतरी बदलतं; वाघाचा मास्तर होतो, मास्तरांची नदी होते. या माणसांचं स्वप्न बदलत नाही. तोच बांध, तोच मित्र, तीच हाक. व्हिएतनाममधून परतून तीस वर्षं झाली, नातवंडं झाली, आणि रात्री तोच बांध.

स्वप्न बदललं की माणूस सुटतो, ही गोष्ट एका डॉक्टरानं शंभर वर्षांपूर्वी हेरली होती. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स. आपल्या मानववंशशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव निलगिरीच्या तोडा लोकांमुळे माहीत असतं. त्यांच्यात राहून त्यांनी लिहिलेला ग्रंथ 1906 चा. पहिल्या महायुद्धात हेच रिव्हर्स एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात खंदकांतून आलेल्या अधिकाऱ्यांवर उपचार करत होते. डिसेंबर 1917 मध्ये त्यांनी लंडनला एक निबंध वाचला. त्यात एका अधिकाऱ्याची हकीकत आहे. त्याला स्फोटात छिन्नविच्छिन्न झालेला मित्र सापडला होता, आणि तो मित्र रोज स्वप्नात यायचा, कधी तसाच तुकड्यांत, कधी महारोगानं झडलेल्या चेहऱ्यानं. विसरून जा, असा सल्ला त्याला सगळीकडे मिळाला होता. रिव्हर्सनी त्याला आठवायला सांगितलं, आणि एक गोष्ट नजरेस आणून दिली: ज्या अर्थी देह असा उडाला, त्या अर्थी मरण क्षणात आलं, मित्राला वेदना झाल्या नाहीत. काही दिवस स्वप्न आलं नाही. मग आलं ते असं, की अधिकारी मित्राजवळ गुडघे टेकून बसला आहे आणि घरच्यांना पाठवण्यासाठी त्याच्या अंगावरच्या वस्तू काढून घेतो आहे. जाग आली तेव्हा भीती नव्हती, दुःख होतं. या जागी मी दर वेळी थांबतो. भीती जाऊन दुःख आलं, आणि दुःख ही माणसाला झेपणारी गोष्ट आहे.

रिव्हर्सना हे बोलण्यातून साधलं, आणि साधलं ते काहींच्याच बाबतीत. हे त्यांनी स्वतः प्रांजळपणे लिहिलं आहे. उरलेल्यांचं काय, हा प्रश्न पुढची ऐंशी वर्षं तसाच राहिला. पीटीएसडी हे नाव अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत 1980 साली आलं. या विकारासाठी औषधं मंजूर झाली, सर्ट्रालिन 1999 मध्ये, पॅरॉक्सेटिन 2001 मध्ये. ती अनेकांना उपयोगी पडतात. रात्रीपर्यंत त्यांचा हात फारसा पोचत नाही.

आता सिएटल. तिथल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात मरी रास्किंड नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. त्यांच्या एका सैनिक-रुग्णाला प्राझोसिन सुरू झालं होतं ते प्रोस्टेटसाठी, लघवीच्या त्रासावर. उतारवयात पुरुषांना होतो तोच. आणि त्याची दुःस्वप्नं कमी झाली, ध्यानीमनी नसताना. असा रुग्ण आपल्या ओपीडीत आला असता तर काय झालं असतं, याचा मी पुष्कळदा विचार करतो. "लघवी बरी होतेय ना? छान. पुढचा." तिथे कुणीतरी झोपेचं ऐकून घेतलं.  वैद्यकातले कितीतरी शोध असेच ऐकून घेण्यातून लागले आहेत.

रास्किंड यांनी मुद्दाम आणखी रुग्णांना औषध देऊन पाहिलं. 2000 मध्ये चार जणांचा वृत्तान्त छापला. ज्या दोघांना दिवसाला 5 मिलिग्रॅम किंवा जास्त मात्रा देता आली त्यांची दुःस्वप्नं पार थांबली. 2 मिलिग्रॅमवर थांबावं लागलेल्या दोघांना बेताचाच आराम पडला. मग 2003 मध्ये व्हिएतनामच्या 10 सैनिकांवर रीतसर चाचणी झाली, खरी गोळी आणि खोटी गोळी आळीपाळीनं देऊन. 2007 मध्ये 40 सैनिक. 2013 मध्ये इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेले, नोकरीत असलेले 67 जवान. प्रत्येक वेळी प्राझोसिन सरस ठरलं. औषध घेणाऱ्यांना स्वप्नं पडायची थांबली असं नाही. स्वप्नं साधी झाली, तुमच्याआमच्यासारखी, विसंगत आणि विसरली जाणारी.

इतकं सगळं जुळून आल्यावर 2018 च्या फेब्रुवारीत 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मोठ्या चाचणीचा निकाल आला. माजी सैनिकांची 13 रुग्णालयं, 304 रुग्ण, 26 आठवडे. प्रमुख संशोधक रास्किंडच. निकाल: प्राझोसिन आणि खोटी गोळी यांत फरक नाही. दुःस्वप्नांत नाही, झोपेत नाही.

मी तो निबंध वाचला त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. माझे काही रुग्ण तेव्हा या गोळीवर होते आणि मला ते बरे झालेले दिसत होते. डॉक्टरला बरा झालेला रुग्ण दिसतो, खोट्या गोळीवर आपोआप बरा झाला असता तो रुग्ण त्याला कधीच दिसत नाही. म्हणून तर चाचण्या करायच्या असतात. रास्किंड यांच्याबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो त्यांच्या यशस्वी चाचण्यांमुळे जेवढा आहे, त्याहून अधिक या एका निबंधामुळे आहे. वीस वर्षांचं काम ज्याच्यावर उभं होतं ते औषध आपल्याच चाचणीत हरलं, आणि त्यांनी ते स्वतःच्या नावानं जगासमोर ठेवलं.

मग खरं काय? मला पटलेलं स्पष्टीकरण सांगतो. ही मोठी चाचणी सुरू झाली तोवर प्राझोसिन माजी सैनिकांच्या रुग्णालयांत सर्रास दिलं जात होतं. ज्याची रात्र पेटलेली आहे, ज्याचं घर मोडायला आलं आहे, अशा माणसाला सहा महिने कदाचित खोटी गोळी मिळेल अशा चाचणीत कोण घालेल? चाचणीचे नियमही स्थिरस्थावर असलेले रुग्ण घेण्याचेच होते. म्हणजे वादळ नसलेली माणसं जास्त आली असणार. त्याआधी, 2016 मध्ये, जवानांच्या चाचणीची आकडेवारी पुन्हा तपासताना एक गोष्ट दिसली होती: उपचाराआधी ज्यांचा रक्तदाब जास्त होता, त्यांना प्राझोसिनचा जास्त गुण आला. रक्तदाबाचा आकडा म्हणजे वादळाची बाहेरून दिसणारी खूण. विंचू चावलेल्या ज्या माणसाला नुसती ठणक आहे आणि हातपाय गरम आहेत, त्याला प्राझोसिन देऊन काही साधत नाही. ते वादळ उठलेल्यासाठी आहे. दुःस्वप्नांचंही तसंच असावं. काहींची स्वप्नं नॉरअ‍ॅड्रिनलिनवर पेटलेली, काहींची झोपेत श्वास अडकल्यानं चाळवलेली, काहींची दारूनं. सगळ्यांना एकच नाव देऊन एकच गोळी दिली तर बेरजेत शून्य येणारच. हे माझं मत आहे, सिद्ध झालेलं सत्य म्हणून घेऊ नका. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या मार्गदर्शक सूचनांनी 2017 मध्ये या औषधाबाबत हो किंवा नाही म्हणायचं टाळलं. 2023 मध्ये त्याच सूचनांनी दुःस्वप्नांसाठी ते सुचवलं, पण सौम्य शब्दांत. मलाही तो सौम्यपणा योग्य वाटतो.

समोर माजी सैनिक बसले आहेत, त्यांच्या घरचे बसले आहेत, म्हणून वापराबद्दल थोडं सांगतो. ही गोळी स्वतःहून आणून घेण्याची नाही. सुरुवात 1 मिलिग्रॅमनं, रात्री, अंथरुणावर बसल्यावरच. पहिल्या गोळीनं उभं राहताच रक्तदाब घसरून माणूस कोसळू शकतो. रात्री लघवीला उठायचं तर आधी बसायचं, दहापर्यंत मोजायचं, मग उठायचं. मात्रा आठवड्या-आठवड्यानं वाढवायची. चाचण्यांतल्या पुरुषांना 13 ते 15 मिलिग्रॅमपर्यंत जावं लागलं होतं. आपल्याकडे 2 मिलिग्रॅमवर थांबून "उपयोग नाही" म्हणून सोडून दिलेली मी पाहिली आहे. औषधाचा जोर काही तासांतच ओसरतो, म्हणून काहींना पहाटे त्रास उरतो. चार दिवस गोळी चुकली तर जुन्या मात्रेवर उडी मारायची नाही, पुन्हा खालून चढायचं. रक्तदाबाच्या इतर गोळ्या चालू असतील, किंवा पुरुषांना लैंगिक ताकदीसाठी दिलेली गोळी, तर डॉक्टरला सांगायचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरलाही सांगायचं, कारण या जातीच्या औषधांनी बाहुलीभोवतीचा पडदा शस्त्रक्रियेत ढिला पडतो. आणि गोळी बंद केली की बहुतेकांची स्वप्नं परत येतात. ती आठवण पुसत नाही. रात्रीपुरतं वादळ आत येऊ देत नाही, एवढंच तिचं काम. रिव्हर्सनी केलं ते काम दिवसा, बोलूनच, वेगळं करावं लागतं.

2020 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मनगटी घड्याळावर चालणाऱ्या एका उपकरणाला परवानगी दिली. हृदयाचे ठोके आणि हालचाल यांवरून ते दुःस्वप्न ओळखतं आणि मनगटाशी हलकेच थरथरतं. माणूस जागा होत नाही, स्वप्न तेवढं तुटतं. मी ते वाचलं आणि मला आजींची काठी आठवली. त्या माउलीला कुणी शिकवलं नव्हतं. लांबून शिवायचं, पायाला शिवायचं, आणि कुठे आहात ते सांगायचं.

गेली काही वर्षं माजी सैनिक रक्तदाब दाखवायला आले की मी सोबतच्या बाईंना एक प्रश्न विचारतो: रात्री यांना कसं उठवता? पुष्कळ जणी हसून म्हणतात, कसं म्हणजे, हलवून. काही जणी आधी नवऱ्याकडे बघतात. मागच्या पावसाळ्यात एका बाईंनी बराच वेळ पदराशी चाळा केला आणि मग म्हणाल्या, "दारातून बॅटरी मारते, साहेब. आधी भिंतीवर, मग पायावर. तोंडावर नाही मारत." नवरा मान वळवून त्यांच्याकडे बघत राहिला. वीस वर्षांहून जास्त काळ त्या हे करत होत्या आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. त्याचा रक्तदाब तीन गोळ्यांवरही चढलेलाच होता. आधी चालू असलेल्या गोळ्या जुळवून घेतल्या, झोपेत श्वास अडकतो का ते पाहिलं, आणि मग एका शनिवारी रात्री 1 मिलिग्रॅमपासून सुरुवात केली.